आखाजीच्या रसासाठी चांदीचं भांडं: निओक्लासिकल ड्रॉइंग कसं करायचं

पहिला अर्धा दिवस एकही पान-फूल काढायचं नाही. निओक्लासिकल, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन घाटांवरून घेतलेल्या, धाटणीचं भांडं म्हटलं की शिकाऊ मुलं-मुली थेट वेलबुट्टीला हात घालतात, आणि संध्याकाळी समोर येतो तो छान दिसणारा, पण कुठल्याच कारागिराला बनवता न येणारा कागद.

मी अमळनेरच्या शाळेत चित्रकला शिकवली. एटीडी केलेली साधी ड्रॉइंग टीचर. आता जळगावच्या सराफ बाजारातल्या चांदीच्या कारागिरांसाठी भांड्यांची ड्रॉइंगं करून देते. ताट-वाटी, गुलाबदाणी, समई, करंडा ही नेहमीची कामं. पण हल्ली मोबाईलवर लंडनच्या म्युझियममधला फोटो पुढे करून ‘ताई, असं पाहिजे’ म्हणणारी घरंही येतात. ती जे दाखवतात ते बहुतेक वेळा १७७० ते १८२० या काळातलं असतं. तेव्हा एकदाच नीट लिहून काढते. उदाहरणाला एकच भांडं घेऊ: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पंगतीत बारा माणसांना आमरस वाढायचं, लांबोळं, दोन कानांचं, झाकणाचं. युरोपच्या टेबलावर अशा भांड्यात सूप असायचं. आपल्याकडे खापरावरच्या पुरणपोळ्यांसोबत रस.

काढण्याआधी काय बघायचं

हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ साली सुरू झालं आणि पॉम्पेईचं १७४८ साली. मातीखाली गाडलेली रोमन शहरं वर आल्यावर रोमन लोक कसे कलश, दिवे, तिवया वापरत हे युरोपला डोळ्यांनी दिसलं. नेपल्समध्ये ब्रिटनचा राजदूत असलेल्या विल्यम हॅमिल्टनच्या संग्रहातल्या ग्रीक कलशांची चित्रं १७६०च्या दशकाच्या उत्तरार्धात छापून आली आणि नक्षीकारांच्या हाती खजिनाच लागला. त्याआधीचा जमाना रोकोकोचा: शिंपले, लाटा, एकीकडे झुकलेल्या वळणदार रेषा, डावं-उजवं सारखं नसणं. नव्या पिढीला त्याचा वीट आला होता.

आपल्या कामाची गोष्ट ही की या नव्या चांदीची ड्रॉइंगं बऱ्याचदा इमारती बांधणाऱ्यांनी काढली. रॉबर्ट ॲडम हा मूळचा आर्किटेक्ट. लंडनमध्ये सेंट जेम्स स्क्वेअरवरचं २० नंबरचं घर त्यानं १७७०च्या दशकात एका श्रीमंत उमरावासाठी बांधलं, आणि त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीसुद्धा आखून दिली. भिंतीवरची माळ आणि भांड्यावरची माळ एकाच हातातली. त्याच्या कचेरीतली ८०००च्या आसपास ड्रॉइंगं आज लंडनच्या सर जॉन सोन म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांतली पुष्कळ घरबसल्या बघता येतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन या म्युझियमांच्याही साईटवर चांदीची मूळ ड्रॉइंगं मोठी करून बघता येतात. भांड्याच्या फोटोपेक्षा ही ड्रॉइंगं बघा. फोटोत चकाकी दिसते, ड्रॉइंगमध्ये विचार दिसतो.

मोठं करून बघताना तीन गोष्टी शोधा. एक, मधली उभी रेषा. ती पेन्सिलची असते, कधी नुसती बोथट टोकानं दाबलेली. दोन, कंपासच्या टोकाची बारीक भोकं. तीन, आणि मला सगळ्यात आवडणारी: मधल्या रेषेच्या डावीकडे एक नक्षी, उजवीकडे दुसरी. कान वेगळा, काठाची पट्टी वेगळी. गिऱ्हाइकानं निवडायचं. एका कागदात दोन भांडी बसतात. ही युक्ती अडीचशे वर्षांपूर्वीची आहे आणि जळगावच्या दुकानात आजही तितकीच चालते.

ॲडम की नेपोलियन, हेही आत्ताच ठरवा. ॲडमच्या धाटणीची चांदी हलकी असते: बारीक मण्यांची कड, लोंबत्या माळा, नाजूक कोरीव काम, मोकळी जागा भरपूर. १८०० नंतर पॅरिसमध्ये पर्सिए आणि फोंतेन या आर्किटेक्टच्या जोडीनं नेपोलियनसाठी जी धाटणी घडवली ती जड आहे: स्फिंक्स, गरुड, सिंहाचे पाय, सोन्याचा मुलामा. तिकडे ओदिओ आणि बिएने, इंग्लंडमध्ये पॉल स्टॉर ही त्या वजनदार कामाची मोठी नावं. दोन्ही धाटण्या निओक्लासिकलच, पण एका भांड्यावर दोन्ही आणल्या की लग्नाच्या बँडमध्ये सनई आणि ट्रम्पेट एकदम सुरू झाल्यासारखं होतं. आपलं रसाचं भांडं ॲडमकडचं ठेवू. वजनही आटोक्यात राहतं, आणि चांदीचे भाव बघता ते महत्त्वाचं आहे.

माप: पंगतीपासून सुरुवात

बारा माणसं, माणशी दीडशे मिली रस, म्हणजे १.८ लिटर. खानदेशात आखाजीला दीडशे मिलीवर कोण थांबतं हा प्रश्न वेगळा. दुसऱ्या वाढीसाठी भांडं पुन्हा भरायचं. काठोकाठ भरलेलं भांडं उचलताना सांडतं, म्हणून ते तीन चतुर्थांश भरेल असं धरा. मग एकूण माप २.४ लिटरच्या वर हवं.

लांबोळ्या, अर्ध्या अंड्यासारख्या पोटाचं माप काढायला सोपं गणित आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला ०.५२ नं गुणा. ३० लांब, १८ रुंद, ९ खोल घेतलं तर सुमारे २५०० मिली येतात. जमलं.

हे ३० आणि १८ मी उगीच घेतलेले नाहीत. लंबगोल काढायला दोन टाचण्या आणि दोरा लागतो. लांबीची निम्मी १५, रुंदीची निम्मी ९. १५चा वर्ग वजा ९चा वर्ग म्हणजे १४४, त्याचं वर्गमूळ १२. म्हणून मध्यापासून दोन्हीकडे १२-१२ सेंमीवर टाचण्या, म्हणजे एकमेकींपासून २४ सेंमीवर, आणि दोन टाचण्यांमधला दोरा बरोबर ३० सेंमी. पेन्सिलनं दोरा ताणून फिरवा. टाचण्या अपूर्णांकात गेल्या की ड्रॉइंग बोर्डावर फार वेळ जातो. ३-४-५च्या त्रिकोणातून निघालेलं हे माप सगळीकडे पूर्ण आकड्यांत बसतं. भांड्याची बैठक याच्या निम्मी ठेवा: १५ लांब, ९ रुंद, टाचण्या एकमेकींपासून १२ वर, दोरा १५ चा. पोट आणि बैठक यांच्यामधला आखूड गळा १० बाय ६, टाचण्या ८ वर, दोरा १० चा. तीनही लंबगोल एकाच प्रमाणातले, त्यामुळे भांडं कुठूनही बघितलं तरी एका घरातलं वाटतं. बैठक यापेक्षा लहान करू नका. रस भरल्यावर तीन किलोच्या आसपास वजन वरच्या बाजूला येतं आणि पंगतीत पोरं धावत असतात.

उंची अशी वाटा: बैठक आणि गळा मिळून ६, पोट ९, झाकण ६, त्यावरची बोंडी (झाकण उचलायची मूठ) ३. एकूण २४ सेंमी. कान काठापासून वर उसळी घेऊन झाकणाच्या खांद्यापर्यंत जाऊ द्या, त्याहून वर नको, नाहीतर झाकण उचलताना बोटं अडकतात. झाकणाच्या एका टोकाला डावासाठी खाच ठेवायला विसरू नका. म्युझियममधल्या फोटोत डाव नसतो, म्हणून ती खाच कुणाच्या लक्षात येत नाही.

वजन, कागदाच्या तुकड्यावरून

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो वजनाचा. ९२.५ टंच (शंभरात ९२.५ भाग शुद्ध) चांदीचा १ मिमी जाड पत्रा (साधारण १९ गेज) १०० चौरस सेंमी घेतला तर वजन १०४ ग्रॅमच्या आसपास भरतं. आता पोटाचं क्षेत्रफळ काढायचं कसं? गणितं करणाऱ्यांनी करावीत. मी मातीचा किंवा थर्माकोलचा ढोबळ नमुना करते, त्यावर २०० जीएसएमच्या ड्रॉइंग पेपरचे लांब फाकीसारखे तुकडे एकमेकांवर न चढवता चिकटपट्टीनं बसवते, मग ते काढून सराफाच्या काट्यावर ठेवते. चिकटपट्टी आधी सोलून टाकायची. त्या काट्याला मिलीग्रॅमसुद्धा कळतो. कागदाच्या वजनाला ५२ नं गुणलं की १ मिमी पत्र्याच्या चांदीचं वजन मिळतं, कारण अशा कागदाचे १०० चौरस सेंमी २ ग्रॅमचे असतात. पत्रा ०.८ मिमीचा असेल तर आलेल्या उत्तराला ०.८ नं गुणा.

आपल्या पोटाचा कागद १५ ग्रॅमच्या जवळपास भरेल, म्हणजे चांदी ७८० ग्रॅम. झाकण ०.८ मिमी पत्र्यात केलं तर ४०० ग्रॅम. बैठक, कान, बोंडी, डाव यांना मिळून पाचशे-साडेपाचशे धरा. पावणेदोन किलोचं भांडं. हा आकडा ऐकून अर्धी गिऱ्हाइकं तिथंच चहा घेऊन उठतात. उठलेलीच बरी, सगळी नक्षी काढून झाल्यावर उठण्यापेक्षा.

बजेट कमी असेल तर अठराव्या शतकातच उत्तर आहे. तेव्हा गिरणीत लाटलेला पत्रा मिळू लागला होता. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनसारख्यांनी पातळ पत्र्यावर ठशानं माळा आणि पट्ट्या उमटवून चांदी कितीतरी स्वस्त केली. समुद्रापार बॉस्टनचा पॉल रिव्हिअर लंबगोल, उभ्या भिंतीच्या चहादाण्या करायचा: पत्रा वाकवून कडा जोडायचा आणि जोड मुठीच्या मागे लपवायचा. अशा भांड्याला पत्रा ठोकून खोल करावा लागत नाही. घडाई निम्म्यावर येते. तुमचं गिऱ्हाईक बारा तोळ्यांनी घासाघीस करणारं असेल तर पोट गोल न ठेवता सरळ भिंतीचं काढा, दर्जा कमी झाल्यासारखं अजिबात वाटत नाही.

रेषा

कार्ट्रिज पेपर पूर्ण आकाराचा घ्या, कारण ड्रॉइंग एकास एक मापातच काढायचं. जुन्या कारखान्यांतही अशी ड्रॉइंगं असत, आणि कारण सरळ आहे: कारागीर ड्रॉइंगवर पत्रा ठेवून बघतो, त्याला पट्टीनं दुप्पट-तिप्पट करायला लावू नका. मधली उभी रेषा ४एच पेन्सिलनं. तिच्या खाली, त्याच रेषेवर, वरून दिसणारा अर्धा लंबगोल. वरचं उभं दृश्य आणि खालचा लंबगोल एकाच रेषेवर असणं सक्तीचं आहे. पुढचं सगळं त्यावर चालतं.

उजवी बाजू नीट काढा, ट्रेसिंग पेपरवर घ्या, उलटा, डावीकडे उतरवा. हातानं दोन्ही बाजू सारख्या काढता येतात असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रोकोकोत चुकलेली रेषा खपते. इथे एक मिलीमीटरही ओरडतो.

आता काठाचं विभाजन. आपल्या लंबगोलाचा परीघ ७६.६ सेंमी आहे. त्याचे ४८ भाग पाडले तर एक भाग जवळजवळ १.६ सेंमी. डिव्हायडर १.६ वर उघडा आणि खालच्या अर्ध्या लंबगोलावर चालत जा: २४ पावलं. कोन मोजून भाग पाडू नका, लंबगोलावर ते सारखे येत नाहीत, रेषेवरच चाला. प्रत्येक खुणेपासून उभी रेषा वर काठापर्यंत न्या. मधे भाग रुंद दिसतील आणि कानांकडे जाता जाता अरुंद होत जातील. पोटाच्या खालच्या तिसऱ्या भागात ज्या उभ्या पन्हळी काढायच्या, त्या याच रेषांवरून गळ्याकडे आवळत न्या. नवशिक्याचं ड्रॉइंग ओळखायची माझी खूण हीच: पन्हळी कडेपर्यंत एकसारख्या रुंदीच्या असतात आणि भांडं चपटं दिसतं.

लोंबत्या माळा किती, हाही हिशेबच आहे. दोन्ही कानांच्या खाली माळेची गाठ यायलाच हवी, म्हणजे जोड झाकला जातो. आठ माळा घेतल्या तर समोर बरोबर मध्यावर गाठ येते. तिथे एक गोल फूल बसवा. पण घराण्याची अक्षरं किंवा मोनोग्राम हवा असेल तर मध्यावर गाठ नको, माळेचा झोल हवा, त्याच्या वर मोकळी चांदी. मग सहा माळा घ्या, बाजूला तीन-तीन. एकेका माळेला ८ भाग, ४८ बरोबर पुरतात, एकही उरत नाही. दहा माळांचा मोह झाला तर ४८ चे भाग मोडून ६० पाडावे लागतील, आणि ते तुम्हाला पन्हळी काढून झाल्यावर आठवेल.

माळेचा झोल हातानं काढू नका. ड्रॉइंग बोर्ड भिंतीला उभा टेकवा, दोन टाचण्यांना गळ्यातली बारीक साखळी लटकवा आणि तिच्या कडेनं ठिपके द्या. खोली अंतराच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत. कंपासनं काढलेल्या कमानीला वजन दिसत नाही, साखळीला दिसतं.

नक्षी, म्हणजे आता पान

ॲडमच्या चांदीवर पाच-सात गोष्टीच पुन्हा पुन्हा येतात: अकँथस या झुडपाचं दातेरी पान, पंख्यासारखं उघडलेलं पाल्मेट, मण्यांची ओळ, वेणीची पट्टी, काटकोनात वळत जाणारी ग्रीक पट्टी, गोल फूल, आणि धान्याच्या तुसांसारख्या बारीक घंटाफुलांची माळ. मेंढ्याचं डोकं कानाच्या बुडाशी. एका भांड्यावर यातल्या तीन घ्या, फार तर चार.

अकँथस आपल्याकडे दारात उगवत नाही. बहुतेक जण इंटरनेटवरच्या नक्षीची नक्कल करतात आणि ते पान मेलेलं दिसतं. मी मुलांना शेताच्या बांधावर पाठवते, पिवळा धोत्रा आणायला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खानदेशात तो कुठेही मिळतो. त्याच्या पानाला खोल दातेरी फाटे असतात, प्रत्येक फाट्याला काटा, आणि शिरा पांढुरक्या, ठळक. अकँथस कसं वळतं, फाट्याच्या बगलेत सावली कशी पडते, शीर टोकापर्यंत कशी बारीक होत जाते, हे सगळं त्यात शिकायला मिळतं. हातमोजे घाला, तोडल्यावर पिवळा चीक निघतो, आणि बिया विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर बोंडं आणू नका. पान कागदावर ठेवून आधी सपाट काढा, मग पेन्सिलीवर गुंडाळून बाजूनं काढा. चांदीवर ते नेहमी वळलेलंच बसतं.

मेंढ्याच्या डोक्याचा प्रश्न नाजूक आहे. खानदेशात अनेक घरं शाकाहारी, आणि पूजेच्या कपाटात जाणाऱ्या चांदीवर मेंढा नको असतो. तिथे सिंहाचा मुखवटा तोंडात कडी घेऊन बसवा. तोही अस्सल आहे, रोमन कलशांवर सापडतो. बैलाची कवटी आणि तिच्या शिंगांना बांधलेल्या माळा ही तर निओक्लासिकल नक्षीतली फार लाडकी गोष्ट. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देऊन गोंडे बांधणाऱ्या माणसाला ती दाखवून बघा एकदा. मी ती पानं वहीत मिटूनच ठेवते.

गोल फुलाच्या जागी कमळ चालेल का, असं विचारतात. चालेल. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात छतावर जी गोल कमळमंडलं आहेत, त्यांची शिस्त याच जातीची आहे: मध्य, पाकळ्यांचं कडं, बाहेर पट्टी. जळगावहून तासा-दीड तासाचा रस्ता, जाऊन मान वर करून बघाच. मात्र कमळ घेतलं तर ते कमळ म्हणूनच काढा, अर्धं कमळ अर्धं रोमन फूल नको. आणि गणपती, मोर, कलश, स्वस्तिक यांची गर्दी या भांड्यावर करू नका. त्यांच्यासाठी आपली समई आहे, तिची तिची परंपरा आहे.

काठाखाली पट्टी, मग मोकळी चांदी, मग माळ, पुन्हा मोकळी चांदी, खाली पन्हळी. मोकळा भाग नक्षीच्या भागापेक्षा जास्त असला पाहिजे. गिऱ्हाईक म्हणेल, ‘इथं रिकामं दिसतंय.’ त्याला पॉलिश केलेली एखादी साधी वाटी हातात द्या. रिकाम्या जागेत त्याचं तोंड दिसेल, खिडकी दिसेल, पंगतीतले दिवे दिसतील.

कारागिराची खूण

सराफ बाजारात पश्चिम बंगालहून आलेले कारागीर पुष्कळ आहेत. नक्षी उठवणारा आपला अहिराणी बोलणारा काका, कोरणारा बंगाली पोरगा आणि ओतकाम करणारा तिसराच. ड्रॉइंगवर मराठीत सूचनांचे परिच्छेद लिहून उपयोग नाही. मी रंगांच्या खुणा ठरवल्या आहेत: उठावाच्या कामाला लाल ठिपका, ओतीव भागाला निळा, कलमानं कोरायच्या रेषेला हिरवा, झाळायच्या जोडाला काळी फुली. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीच चौकट.

‘ताई, हाई पान चांदीमा कसं उठी?’ हा काकांचा प्रश्न ड्रॉइंग चांगलं की वाईट ते ठरवतो. उठावाचं काम राळेवर होतं. राळ, विटेची भुकटी आणि तेल यांच्या मिश्रणावर पत्रा बसवतात, मागून ठोकून फुगवतात, पुढून बारीक करतात. ठोकताना पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. म्हणून पानाचं टोक पोटापासून सुटं उभं राहिलेलं दाखवलं तर ते उठावात येणार नाही. ते ओतून झाळावं लागेल आणि वजन वाढेल. ड्रॉइंगशेजारी एक आडवा छेद काढा: पत्रा किती जाड, पान किती वर, जोड कुठे. ३ मिमीपर्यंतचा उठाव १ मिमी पत्र्यात आरामात मिळतो. त्याहून जास्त हवा असेल तर काकांना विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला कबूल करू नका.

घंटाफुलांच्या माळा उठावात न करता कोरून घेतल्या तर हलक्या आणि स्वस्त पडतात. १७८०च्या सुमारास लंडनमध्ये तिरप्या धारेचं कलम वापरून चकाकणारे काप घेण्याची पद्धत जोरात होती. हेस्टर बेटमन या बाईच्या कारखान्याची चांदी त्यासाठी आणि बारीक मण्यांच्या कडेसाठी ओळखली जाते. ड्रॉइंगमध्ये असा काप एका रेषेनं नाही, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळत्या टिकलीनं दाखवायचा.

शुद्ध चांदीचा हट्ट असणारी घरं आहेत. त्यांना सांगा की ती मऊ असते, कान दाबले जातात, बैठक चेपते. भांड्याला ९२.५ बरी. बुडाखाली शिक्क्यांसाठी नखाएवढी सपाट जागा सोडा, तिथे पन्हळ आणू नका. रसानं तासाभरात चांदीला काही होत नाही, मिठानं होतं. याच घाटाची छोटी मीठदाणी केलीत तर आतून सोन्याचा मुलामा किंवा काचेची वाटी दाखवा. अठराव्या शतकातही तेच करत, बऱ्याचदा निळी काच घालून.

वॉश

गिऱ्हाइकासाठी शेवटी वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, द्यायचा. एक ड्रॉइंग शाईच्या बारीक पेननं, मग पेन्स ग्रे या निळसर करड्या रंगाचे तीन थर. उजेड डावीकडून, वरून. लक्षात ठेवायची गोष्ट: चांदी हळूहळू काळी होत जात नाही. पांढऱ्याच्या अगदी शेजारी गडद पट्टा असतो आणि कडेला पुन्हा उजेड. मातीच्या मडक्यासारखी छटा दिलीत तर भांडं ॲल्युमिनियमचं दिसेल. सर्वात उजळ जागी रंगच लावू नका, कागद सोडा. पांढरा पोस्टर कलर फक्त मण्यांच्या टोकांवर, टाचणीएवढा.

आपल्याकडे आखाजीच्या आसपास, वैशाखात, दुपारी ब्रश उचलेपर्यंत वॉश वाळतो आणि कडेला डाग धरतो. पाण्याच्या वाटीत ग्लिसरीनचे दोन थेंब टाका, वाळणं लांबतं. काम सकाळी सातच्या आधी, कूलरचा झोत कागदावर येणार नाही असं बसून. कागद बोर्डाला चारही बाजूंनी चिकटवलेला असावा, नाहीतर ओला झाला की फुगतो आणि तुमची मधली रेषाच वाकते.

द्यायचे कागद

कारागिराकडे चार कागद जातात: पूर्ण मापाचं उभं दृश्य, वरून लंबगोल आणि त्यावरचे ४८ भाग, छेद, आणि कान, पान, बोंडी मोठ्या मापात. त्यासोबत भांड्याच्या एका बाजूची, पूर्ण मापाची, जाड पुठ्ठ्यातली कापलेली कड द्या. पत्रा ठोकताना मठारणारा कारागीर ती पोटाला लावून बघत राहतो. ड्रॉइंगवर चहाचे डाग, काजळी, राळ सगळं लागणार, म्हणून मूळ कागद घरी आणि दुकानात झेरॉक्स. झेरॉक्स काढताना माप जरासं बदलतं, तेव्हा कागदावर १० सेंमीची रेषा आखून ठेवा आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी पट्टीनं मोजा.

गिऱ्हाइकाकडे जातो फक्त वॉशचा कागद. डावी बाजू की उजवी, हे त्याच कागदावर पेनानं खूण करून सही घ्यायची. सहीच्या वर अंदाजे वजन आणि ते दहा टक्क्यांनी कमी-जास्त होईल हे लिहायचं. काठाची पट्टी किंवा माळांची संख्या नंतर बदलली तर परिघाचे भाग पुन्हा पाडावे लागतात आणि त्याचे पैसे वेगळे, हेही तिथेच.